झुरिक तंत्रविद्यापीठ

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संघराज्याचे तंत्रविद्यापीठ. जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून ते जगभर ‘ईटीएच’ म्हणून ओळखले जाते. झुरिककर मात्र त्याला जुन्या सवयीने ‘पॉली’ म्हणतात. स्थापना 1854 च्या कायद्याने झाली आणि ऑक्टोबर 1855 मध्ये अध्यापन सुरू झाले. आज येथे 20 हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे विद्यालय ही त्याची सर्वपरिचित ओळख खरी असली, तरी अपुरी आहे. पूल बांधणाऱ्या अभियंत्यांची सलग परंपरा आणि परदेशातून आलेल्या अध्यापकांना दिलेले मोकळे स्थान या दोन गोष्टींनी ही संस्था घडवली. आइन्स्टाइन हे त्याच मातीतले एक पीक होय.

1848 मध्ये स्वित्झर्लंडच्या स्वायत्त परगण्यांचे, म्हणजे कँटनांचे, एकसंध संघराज्य झाले. नव्या राज्यघटनेने केंद्राला विद्यापीठ आणि तंत्रशाळा काढण्याचा अधिकार दिला. टिचिनो कँटनचे स्टेफानो फ्रान्सचीनी आणि झुरिकचे राजकारणी व रेल्वे-उद्योजक आल्फ्रेड एशर यांनी हा विषय लावून धरला. परंतु एकच केंद्रीय विद्यापीठ निघाले तर ते जर्मनभाषकांच्या आणि प्रॉटेस्टंटांच्या हाती जाईल, अशी भीती फ्रेंचभाषक व कॅथलिक कँटनांना वाटत होती. विद्यापीठाची योजना त्यामुळे बारगळली आणि केवळ तंत्रशाळेला मंजुरी मिळाली. राजधानीचा मान बर्नला गेला होता, तेव्हा शाळा झुरिकला देऊन तोल साधण्यात आला. देशात रेल्वेचे जाळे विणले जात होते. बोगदे, पूल आणि घाटरस्ते यांसाठी लागणारे अभियंते परदेशातून आणावे लागत, ही निकड राजकीय वादांपेक्षा प्रबळ ठरली.

आरंभी सहा विभाग होते : वास्तुकला, स्थापत्य अभियांत्रिकी, यंत्र अभियांत्रिकी, रसायन, वनविद्या आणि सहावा गणित, निसर्गविज्ञाने, साहित्य व राज्यशास्त्र यांचा. हा सहावा विभाग म्हणजे नाकारल्या गेलेल्या विद्यापीठाचा मागे उरलेला अंश होता. त्याच्यामुळे पूल बांधायला शिकणाऱ्या मुलाला इतिहासाची आणि काव्याची व्याख्यानेही ऐकायला मिळत. कलेतिहासकार याकोप बुर्कहार्ट येथे 1855 ते 1858 शिकवत होते. नेपल्सच्या राजवटीने तुरुंगात टाकलेले आणि पुढे इटलीचे शिक्षणमंत्री झालेले फ्रान्चेस्को दे सांक्टिस 1856 ते 1860 या काळात इटालियन साहित्य शिकवत होते.

1848–49 ची क्रांती युरोपभर चिरडली गेल्यावर अनेक बुद्धिमंत देशोधडीला लागले होते. त्यांना झुरिकने आसरा दिला. ड्रेस्डेनच्या उठावात भाग घेतल्यामुळे परागंदा व्हावे लागलेले गॉटफ्रीड झेम्पर हे त्यांपैकी एक. ते वास्तुकलेचे पहिले प्राध्यापक झाले आणि शहरावर नजर ठेवणाऱ्या टेकडीवरील मुख्य इमारत त्यांच्याच आराखड्यावरून 1864 पर्यंत उभी राहिली. याहून वेगळे असलेले झुरिक विद्यापीठही 1914 पर्यंत याच इमारतीच्या एका भागात नांदत होते. आज लांबून दिसणारा घुमट मात्र झेम्पर यांचा नाही. तो गुस्टाफ गुल यांनी केलेल्या विसाव्या शतकातील विस्ताराचा भाग आहे. खालच्या शहरातून या टेकडीवर विद्यार्थ्यांना नेणारी दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे 1889 मध्ये सुरू झाली आणि ‘पॉलिबान’ या नावाने ती अजून धावते.

पहिल्या पिढीतील अध्यापकांनी वर्गात शिकवता शिकवता नवे शास्त्र घडवले. रूडोल्फ क्लाउझिउस 1855 ते 1867 येथे भौतिकीचे प्राध्यापक होते आणि 1865 मध्ये ‘एंट्रॉपी’ ही संकल्पना त्या नावासह त्यांनी येथेच मांडली. रिचर्ड डेडेकिंट 1858 मध्ये आले. होतकरू अभियंत्यांना कलनशास्त्र शिकवताना त्यांना जाणवले की, संख्यारेषा अखंड आहे असे आपण धरून चालतो, पण त्याला भक्कम अंकगणिती पाया नाही. त्या शोधातून 24 नोव्हेंबर 1858 रोजी त्यांना वास्तव संख्यांची ती व्याख्या सुचली, जी ‘डेडेकिंट छेद’ म्हणून गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. प्रसिद्धी तिला 1872 मध्ये मिळाली. शुद्ध गणिताचा इतका मूलभूत विचार तंत्रशाळेच्या फळ्यासमोर जन्मला, ही बाब या संस्थेविषयी बरेच काही सांगते.

संस्थेचा खरा कणा मात्र येथील प्राध्यापक कार्ल कुलमान यांनी घडवला. बव्हेरियाच्या रेल्वेखात्यातील या अभियंत्याने 1849 ते 1851 दरम्यान इंग्लंड व अमेरिकेचा दौरा करून तेथील लाकडी आणि लोखंडी जाळीदार पुलांचा बारकाईने अभ्यास केला होता. लांबलचक समीकरणे सोडवण्याऐवजी पट्टी-पेन्सिलीने रेषा काढून पुलाच्या प्रत्येक सांध्यातील बल मोजता येते, हे त्यांनी पद्धतशीर मांडले. ‘आलेखीय स्थितिकी’ या त्यांच्या ग्रंथाने पुलाचा आराखडा आणि त्याचे गणित एकाच कागदावर आणले. आकृतीत एखादी रेषा लांबली की त्या भागावर किती ताण येतो ते डोळ्यांना दिसे, त्यामुळे अभियंत्याला आकाराचा विचार आणि बळाचा विचार वेगळा करावा लागत नसे. झुरिकचे शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा त्यातील सूक्ष्म तंतूंची मांडणी वाकड्या यारीतील ताणरेषांसारखी असल्याचे कुलमान यांच्या लक्षात आले. हाडांच्या यांत्रिकीची पुढील चर्चा या निरीक्षणापासून सुरू होते.

कुलमान यांचे विद्यार्थी मोरीस केक्लँ हे पुढे पॅरिसला गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीत गेले. 1884 मध्ये त्यांनी सहकारी एमील नूगिए यांच्यासह एका उंच लोखंडी मनोऱ्याचा पहिला आराखडा काढला. तोच पुढे आयफेल मनोरा झाला. मनोऱ्याच्या पायांना असलेला बाक वाऱ्याच्या रेट्याच्या हिशेबातून आलेला आहे आणि तो हिशेब करण्याची रीत झुरिकची आहे. मनोऱ्याला आयफेल यांचे नाव लाभले, परंतु त्यामुळे केक्लँ यांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही.

14 जून 1891 रोजी बाझलजवळ म्युन्खेनश्टाइन येथे बिर्स नदीवरील रेल्वेपूल भरल्या गाडीखाली कोसळला आणि 70 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो पूल आयफेल यांच्याच कंपनीने 1875 मध्ये बांधला होता. चौकशी पॉलीचे दोन प्राध्यापक विल्हेल्म रिटर आणि लुडविग फोन टेटमायर यांच्याकडे आली. दाबाखाली सापडलेली दांडी कधी वाकेल हे सांगणारे ऑयलरचे सूत्र तेव्हा सर्रास वापरले जाई. ते सडपातळ लांब दांड्यांनाच लागू पडते, आखूड व जाड दांड्या त्याने दाखवलेल्या भारापेक्षा खूप आधी निकामी होतात, हे टेटमायर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. 1892 मध्ये लोखंडी पुलांसाठी संघराज्याचे नियम लागू झाले. टेटमायर यांच्या प्रयोगशाळेतून उभी राहिलेली पदार्थ-परीक्षण संस्था आजही स्वित्झर्लंडमध्ये काम करते. बांधकामाच्या नियमपुस्तकातील कोरड्या वाटणाऱ्या आकड्यांमागे अशी प्रेते असतात, म्हणून या घटनेला या नोंदीत स्थान देणे आवश्यक वाटते.

रिटर यांच्या हाताखाली दोन असामान्य विद्यार्थी तयार झाले. रॉबर्ट मायार (पदविका 1894) यांनी काँक्रीटला लाकडाच्या किंवा दगडाच्या पुलाची नक्कल करायला न लावता त्याचा स्वतःचा आकार शोधला. त्यांचा झाल्गिनाटोबेल पूल (1930) खोल दरीवर 90 मीटरांची झेप घेतो आणि इतका हलका दिसतो की, तो कमीत कमी खर्चाची निविदा म्हणून निवडला गेला होता यावर विश्वास बसू नये. ओथमार आमान (पदविका 1902) अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवरील त्यांच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा (1931) मधला गाळा 1,067 मीटरांचा आहे; तोवरच्या विक्रमाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांचाच व्हेराझानो नॅरोज पूल (1964) 1,298 मीटरांच्या गाळ्यामुळे 1981 पर्यंत जगात सर्वांत लांब गाळ्याचा होता. एकाने दुर्गम खेड्यांसाठी काँक्रीट वापरले, दुसऱ्याने महानगरासाठी पोलादी दोर ओढले. शिकवणारा हात एकच होता. क्रिस्टियान मेन (गांटर पूल, 1980) आणि पातळ काँक्रीट कवचांचे निर्माते हाइन्झ इझलर हे याच परंपरेतील पुढचे शिलेदार. मूळचे स्पॅनिश असलेले सान्तिआगो कालात्राव्हा यांनी वास्तुकला आधी शिकून मग येथे स्थापत्य अभियांत्रिकी केली आणि 1981 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

शालान्त प्रमाणपत्र नसलेल्या हुशार मुलालाही पॉलीचे दार उघडे होते. हॉलंडमधील शाळेतून काढून टाकलेल्या विल्हेल्म राँटगेन यांना 1865 मध्ये म्हणूनच येथे प्रवेश मिळाला. 1868 मध्ये ते यंत्र अभियंता झाले, क्लाउझिउस यांच्या व्याख्यानांनी भौतिकीकडे वळले आणि 1895 मध्ये त्यांनी क्ष-किरण शोधले. 1901 चे भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांचे.

स्त्रियांनाही हे दार इतर ठिकाणच्या मानाने लवकर उघडले. 1871 मध्ये रशियन तरुणी नाद्येझदा स्मेत्स्काया यंत्र अभियांत्रिकीला दाखल झाल्या. झुरिकला शिकणाऱ्या रशियन तरुणींवर क्रांतिकारक विचारांचा संशय घेऊन झारने 1873 मध्ये त्यांना परत येण्याचा हुकूम सोडला, तरी 1877 मध्ये मारी कोवालिक या कृषिविभागातून पदविका घेणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. सर्बियन मिलेव्हा मारिच 1896 मध्ये आल्या. त्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री विद्यार्थी होत्या. 1900 व 1901 च्या अंतिम परीक्षांत त्यांना यश आले नाही आणि 1903 मध्ये त्यांचा वर्गबंधू आइन्स्टाइन यांच्याशी विवाह झाला. आइन्स्टाइन यांच्या आरंभीच्या शोधनिबंधांतील त्यांच्या वाट्याविषयी वाद आहे. त्यांच्या सहलेखनाचा थेट पुरावा नाही, पण एका समर्थ विद्यार्थिनीची कारकीर्द संपली हे निर्विवाद आहे. विद्यार्थिनींना दार लवकर उघडले, प्राध्यापकाची खुर्ची मात्र नाही : पहिल्या पूर्णवेळ स्त्री प्राध्यापक, वास्तुविशारद फ्लोरा रूशा-रोंकाती, यांची नेमणूक 1985 मध्ये झाली.

आइन्स्टाइन 1895 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी, नियमाच्या दोन वर्षे आधी, प्रवेशपरीक्षेला बसले. गणित व भौतिकीत ते चमकले, इतर विषयांत कमी पडले. आराउ येथे शालेय शिक्षण पुरे करून ते 1896 मध्ये दाखल झाले. भौतिकीचे प्राध्यापक हाइन्रिख वेबर हे मॅक्सवेल यांचा विद्युत-चुंबकत्वाचा सिद्धांत शिकवत नसत, म्हणून आइन्स्टाइन तो घरी वाचत. हेर्मान मिंकोव्हस्की यांच्या गणिताच्या तासांकडे त्यांनी दुर्लक्ष केले आणि परीक्षेच्या वेळी मित्र मार्सेल ग्रोसमान यांच्या टिपणांवर भागवले. 1900 मध्ये पदविका मिळूनही येथे साहाय्यकाची जागा मिळाली नाही. बर्नच्या पेटंट कार्यालयातील नोकरी ग्रोसमान यांच्या वडिलांच्या शब्दामुळे मिळाली. 1912 मध्ये ते प्राध्यापक म्हणून परतले, तेव्हा ग्रोसमान येथेच भूमितीचे प्राध्यापक होते. गुरुत्वाकर्षणासाठी वक्र अवकाशाची भूमिती हवी होती. ती गणितज्ञ रीमान यांच्या कामात असल्याचे ग्रोसमान यांनी दाखवले आणि 1913 मध्ये दोघांनी मिळून व्यापक सापेक्षतेचा आराखडा प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या इतिहासात वर्गमैत्रीचे इतके मोठे फळ क्वचितच आढळते. 1914 मध्ये आइन्स्टाइन बर्लिनला गेले.

1909 पर्यंत संस्था स्वतः डॉक्टरेट देऊ शकत नव्हती. राँटगेन आणि आइन्स्टाइन या दोघांनीही ती झुरिक विद्यापीठाकडून घेतली. 1911 मध्ये सध्याचे नाव मिळाले. त्यानंतर रसायनाला बहर आला. हेर्मान श्टाउडिंगर येथे असतानाच 1920 मध्ये रबरासारखे पदार्थ हे हजारो अणूंच्या अखंड साखळ्या असतात असे प्रतिपादन त्यांनी केले. समकालीनांनी ते उडवून लावले, आणि प्लॅस्टिकयुग उजाडल्यावर 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लेओपोल्ड रुझिच्का (1939), येथेच शिकलेले ताडेउस राइखश्टाइन (1950) व व्लादिमिर प्रेलोग (1975) हेही नोबेलचे मानकरी. गणितज्ञ जॉन फोन नॉयमान यांनी वडिलांच्या आग्रहाखातर 1926 मध्ये येथून रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतली. भौतिकीत वोल्फगांग पाउली 1928 पासून मृत्यूपर्यंत (1958), युद्धकाळ वगळता, येथेच होते. न्यूट्रिनो या अदृश्य कणाची कल्पना त्यांनी डिसेंबर 1930 मध्ये झुरिकहून लिहिलेल्या पत्रात मांडली. कण प्रयोगात सापडायला 1956 उजाडले.

संगणकाच्या इतिहासातही पॉलीचे पान स्वतंत्र आहे. जर्मनीत युद्धातून वाचवलेले कोनराड त्सूझे यांचे झेड-4 हे संगणकयंत्र गणितज्ञ एडुआर्ड श्टीफेल यांनी 1950 मध्ये भाड्याने आणले. त्या वेळी युरोपच्या मुख्य भूमीवर चालू स्थितीतील असे यंत्र दुर्मीळच होते. त्याच्यासोबत काम केलेले हाइन्झ रुटिसहाउसर हे आज्ञावलीचे यांत्रिक भाषांतर करण्याचा विचार मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत गणले जातात आणि अल्गोल भाषेच्या घडणीत त्यांचा वाटा होता. निक्लाउस विर्ट (पदविका 1959) 1968 मध्ये प्राध्यापक म्हणून परतले. त्यांची पास्कल भाषा (1970) पुढे जगभरच्या महाविद्यालयांत, भारतातही, संगणक-आज्ञावलीचा पहिला धडा ठरली. मोड्युला-2 व ओबेरॉन या भाषांतही त्यांनी साधेपणाचा हट्ट सोडला नाही. 1984 चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. 1 जानेवारी 2024 रोजी त्यांचे निधन झाले.

1960 च्या दशकात शहराच्या कडेच्या ह्योंगरबेर्ग टेकडीवर दुसरे संकुल उभे राहू लागले. 1969 मध्ये लोझानच्या तंत्रशाळेला संघराज्याचा दर्जा मिळाला आणि झुरिकला भगिनीसंस्था लाभली. त्याच वर्षी संस्थेच्या नव्या कायद्यात आपल्याला सहभाग नाही म्हणून विद्यार्थ्यांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणले आणि 1 जून 1969 रोजी मतदारांनी तो कायदा फेटाळला. नवा कायदा येण्यास त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लागला.