फडाआधीचे खाणे

तमाशा किंवा लावणीचा खेळ सुरू होण्याआधी मित्रांनी एकत्र बसून केलेले खाणे. अहमदपूर, लोहा, कंधार या भागात ते खरे रंगते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. अहमदपूरहून नांदेडकडे निघाले की लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास देवस्वारी निघून यात्रा सुरू होते. घोड्या-गाढवांचा बाजार, कुस्त्या, नांदेड जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव आणि तमाशाचे फड यांसाठी ती ओळखली जाते. अमावास्येला लातूरकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण. त्या दुपारी शेतात भज्जी, उंडे आणि आंबील पोटभर झालेली असते. तरी माणूस रात्री यात्रेत पुन्हा खायला बसतो, तो भुकेसाठी नव्हे, सोबतीसाठी.

तमाशाचा खेळ रात्री उभा राहतो. गण, गवळण, बतावणी होऊन मग वग. वग रंगला तर पहाट होते. तेव्हा आधी काहीतरी पोटात हवेच. हॉटेलाच्या तंबूत सर्वांत आधी सांगितली जाते ती सुशीला. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यायचे. मोहरी, हिरवी मिरची, कांदा, हळद, शेंगदाणे यांच्या फोडणीत परतायचे आणि वरून डाळव्याचे कूट, कोथिंबीर, लिंबू. मुरमुरा मऊ व्हावा, पण त्याचा लगदा होऊ नये, यात करणाऱ्याचा हात कळतो. सोबत कढईतून थेट कागदावर पडलेले मिरचीचे भजे. ते मधोमध ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. प्रत्येकाची वेगळी ताटली मागवली तर बैठक मोडते. गुडीशेव आणि रेवड्या घरच्यांसाठी बांधून घ्यायच्या.

या एकत्र खाण्याचे जवळचे नाते जपानच्या इझाकाया या खानावळीशी आहे. एदो काळात (1603–1868) साके विकणाऱ्या दुकानांनी गिऱ्हाइकांना तिथेच बसून प्यायला जागा दिली आणि त्यातून ही खानावळ वाढली. नावातच बसून राहणे आहे. तिथेही लहान लहान बशा मधे ठेवून वाटून खातात: निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्या, म्हणजे याकितोरी, आणि एदामामे. एदामामे म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. लातूरच्या शेतकऱ्याला हे वाचून नवल वाटेल. त्याचे सोयाबीन वाळून, मळणी होऊन मोंढ्यात जाते. काबुकी नाटकाच्या प्रेक्षकांनी तर अंकांच्या मधल्या वेळेसाठी वेगळा डबाच रूढ केला, माकुनोउची बेन्तो. त्या नावाचा अर्थच पडद्यांच्या मधला.

माळेगावात मात्र खेळ आणि खाणे यांच्यामध्ये फक्त एक कनात असते. चहा अर्धा झालेला असताना पलीकडे ढोलकी स्वरात लावल्याचे ऐकू येते. कोणीतरी पैसे देऊन टाकतो, तिकिटे दुसऱ्याने आधीच काढलेली असतात. उरलेले शेंगदाणे मुठीत घेऊन सगळे उठतात.