गीतकार : पारंपरिक

म्युझिक ॲपवर कुठलंही जुनं मराठी गाणं उघडा. गाण्याखाली तीन नावांची जागा असते : गायक, संगीतकार, गीतकार. गायकाचं नाव बहुतेक वेळा बरोबर असतं. संगीतकाराचं कधी बरोबर, कधी चूक. आणि गीतकाराच्या जागी, विशेषतः अभंग किंवा ओवी असेल तर, अनेकदा एकच शब्द दिसतो : पारंपरिक. मी डेटाबेसचं काम करून पोट भरतो. रकाना रिकामा सोडायची सोय नसली की माणसं त्यात काय भरतात, ते रोज बघतो. 'पारंपरिक' हा शब्दही बऱ्याचदा तसाच भरलेला असतो.

या एका शब्दामागे मराठी नाटक-सिनेमातल्या गाण्यांचा बराच इतिहास दडलेला आहे. मी परभणीचा. संगीत रंगभूमीच्या इतिहासात सांगली, पुणे, मुंबई, बडोदा ही नावं सारखी येतात, परभणी येत नाही. पण गाणं कोणाचं, हा प्रश्न विचारायचा तर आमच्या जिल्ह्यातून सुरुवात केलेली बरी.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्या नाटकात गायचं काम मुख्यतः सूत्रधाराचं होतं. पात्रं रंगमंचावर येत, आपापलं भाषण आयत्या वेळी करत. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि पात्रं स्वतःच गायला लागली. शकुंतलेचं दुःख आता सूत्रधार सांगत नव्हता, ती स्वतः गाऊन सांगत होती. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं.

या नाटकांमध्ये पदांची रेलचेल होती. इतक्या चाली किर्लोस्करांनी आणल्या कुठून? साकी, दिंडी, कामदा, ओवी, अंजनीगीत. म्हणजे कीर्तनात, देवळात आणि घरात बायका गायच्या त्यातूनच. शिवाय लावण्या होत्या आणि कानडी गाणीही होती, कारण अण्णासाहेब बेळगाव भागातले. प्रेक्षकाला चाल आधीच माहीत असायची, नवे असायचे ते शब्द. म्हणून तर प्रयोग सुटल्यावर लोक पदं गुणगुणत घरी जायचे.

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे पहिले शब्द दिलेले असतात. मला हे फार आवडतं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पदावर मूळ गाण्याची लिंक आहे. पण ती लिंक गाण्याकडे जाते, माणसाकडे नाही. ती ओवी किंवा लावणी पहिल्यांदा कोणी म्हटली, हे पुस्तक सांगत नाही.

पुढे चालींचा ओघ बदलला. १८९६ च्या 'वीरतनय'मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. ख्याल आणि ठुमरीचं गाणं नाटकात आलं. साकी-दिंडी कुणालाही म्हणता येत होती, हे गाणं शिकावं लागत होतं. एकेक पद 'वन्स मोअर' घेत लांबत जायचं. हेच पद ग्रामोफोनच्या तबकडीवर आलं की सुमारे तीन मिनिटांत बसवावं लागायचं. तबकडी विकली जायची गायकाच्या नावावर, म्हणून ते नाव ठळक. आपल्या ॲपमधला गायकाचा रकाना सगळ्यात पक्का का, याचं एक कारण इथे आहे.

आणि गायक कोण? सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या सगळ्या नायिका बालगंधर्व साकारत. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. ते स्टेजवर नेसत तशी साडी नेसायला, तसे दागिने घालायला खऱ्या बायका शिकल्या. त्या काळात घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहून गाणं समाजाला चालत नव्हतं. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडे समाज वाकड्या नजरेनंच बघायचा. ओवी घरातली, विरह बाईचा, आणि ते टाळ्या घेत गाणारा आवाज पुरुषाचा. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी यानं कमी होत नाही. ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मला नोंद एवढीच घ्यायची आहे की या सगळ्यात बाईचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आता गंगाखेडला येऊ. परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं हे गाव म्हणजे संत जनाबाईंचं जन्मगाव मानलं जातं. लहानपणीच ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि आयुष्यभर तिथे दासी म्हणून राबली. दळण, कांडण, शेणगोठा. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत जातं आहे, उखळ आहे, झाडलोट आहे, आणि या कामांना हात लावायला येणारा विठ्ठल आहे.

तिच्या बहुतेक अभंगांच्या शेवटी तिचं नाव येतं. कधी नुसतं जनी, कधी नामयाची दासी. याला नाममुद्रा म्हणतात. माझ्या धंद्यात आम्ही गाण्याची माहिती गाण्यापासून वेगळ्या तक्त्यात ठेवतो, म्हणून ती हरवते. जनाबाईनं ती शेवटच्या चरणात ओवून टाकली. अभंग म्हणायचा तर तिचं नाव घ्यावंच लागतं. ना छापखाना, ना कॉपीराइट, ना स्वतःच्या मालकीचं काही. तरी सातशे वर्षांनी तिचं नाव शाबूत आहे. बाकी असंख्य बायका जात्यावर तितकंच गायल्या. त्यांची ओवी राहिली, नावं गेली.

रंगभूमीला हे संतांचं गाणं लवकरच हवं झालं. १९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ना. वि. कुलकर्णी यांचं 'कान्होपात्रा' केलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं. त्यात खऱ्या कान्होपात्रेचा अभंगही आहे. बाईनं रचलेला, बाईचं दुःख सांगणारा तो अभंग बालगंधर्व गायले. पण काळ बदलत होता. हिराबाई बडोदेकर स्वतःची मंडळी काढून रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे गायल्या. आणि १९४९ मध्ये 'संत जनाबाई' हा चित्रपट आला, त्यात जनाबाई झाल्या हंसा वाडकर. गंगाखेडच्या दासीची भूमिका अखेर एका बाईनं केली. याच हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून पुढे श्याम बेनेगलांनी 'भूमिका' काढला.

ही गाणी परभणीत पोचली कशी? मनमाड ते सिकंदराबाद ही निजामाच्या राज्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, पण ती मीटरगेज. मुंबईकडून येणारा ब्रॉडगेजचा डबा पुढे येऊच शकत नव्हता. पडदे, पेट्या, कपडे, सगळं मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं. त्यात राज्य निजामाचं, सभा-संमेलनाला आधी परवानगी हवी. दरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे असंच होतं. त्यामुळे आमच्याकडे नाटकापेक्षा नाटकाचं गाणं जास्त आलं : तबकड्यांतून, टूरिंग टॉकीजमधून, पुढे रेडिओवरून. आणि सगळ्यात जास्त आलं भजनी मंडळांतून. नाट्यपदाची चाल आवडली की पेटीवाले ती उचलतात आणि तिच्यावर तुकोबांचा किंवा जनीचा अभंग बसवतात. म्हणजे कीर्तनातून नाटकात गेलेलं गाणं नवा साज चढवून पुन्हा देवळात परतलं. भजनात कुणी 'चाल' म्हणून टीप देत नाही. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती चाल देवळातलीच वाटते.

नाव हरवण्याचा उलटा प्रकारही आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी एक पद लिहिलं, चाल केशवराव भोळे यांची. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं होतं की लोकांनी ते तुकारामांचंच मानलं, गाथेत शोधलंही. आजही काही ठिकाणी ते संत तुकारामांच्या नावावर दिसतं. एका कवीचं नाव संताच्या नावाखाली झाकलं गेलं, आणि हजारो बायकांची नावं 'पारंपरिक'खाली. पहिल्या बाबतीत दुरुस्ती सोपी आहे, कारण नोंद आहे. दुसरीचं काय?

तिथेही काम झालंय, आणि त्याचा एक धागा परभणीत येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या संगणकाच्या अभ्यासकानं त्यांचा डेटाबेस उभा केला, ध्वनिमुद्रणंही केली. आता हा संग्रह 'पारी' या संकेतस्थळावर आहे. त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. सांगलीच्या पहिल्या नाटकात सीतेचं लग्न होतं. इथे लग्नानंतरचं सांगितलंय. साथीला ना ऑर्गन, ना सारंगी. तरी आवाज असा की हेडफोन लावून ऐकताना हातातलं काम थांबतं.

हा डेटाबेस मी धंद्याच्या नजरेनंही बघितला. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव आहे. गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे. ओवी तिनं रचली असेल किंवा आईकडून घेतली असेल, नोंद तसा दावा करत नाही. अमुक बाईनं, अमुक गावात ही गायली, एवढंच म्हणते. 'पारंपरिक' हा शब्द खोटा नाही, अपुरा आहे. परंपरा म्हणजे शेवटी अशा नावानिशी माणसांनी एकमेकींकडून ऐकलेलंच असतं.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. ज्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत अशा बायका आमच्या जिल्ह्यात आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी कुणी असेल तर फोनमध्ये रेकॉर्ड करा. तिची परवानगी घ्या. आणि फाइलला नाव देताना 'आजीचं गाणं' असं देऊ नका. आजीचं पूर्ण नाव लिहा. माहेरचं आणि सासरचं गाव लिहा. ओवी कुणाकडून शिकली ते विचारा आणि तेही नाव लिहा.