न्यायाचा दिवस कोणी आणायचा? मिलर, स्टॉर्स आणि सोजर्नर ट्रूथ

ऑगस्ट १८३१. अमेरिकेत एकाच महिन्यात दोन माणसांनी एकाच पुस्तकातून दोन वेगळे अर्थ काढले. न्यू यॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टन गावचा गोरा शेतकरी विल्यम मिलर त्या महिन्यात पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिला. येशू ख्रिस्त साधारण १८४३ साली परत येणार आणि हे पापी जग आगीत जळून जाणार, असे त्याने सांगितले. तिकडे व्हर्जिनियातल्या साउथॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर हा काळा गुलाम तेच बायबल वाचत होता. न्यायाची वेळ आलीच आहे असे मानून २१ ऑगस्टच्या रात्री त्याने सोबत्यांसह बंड केले. पन्नासहून अधिक गोरे मारले गेले. बदला म्हणून गोऱ्यांनी कितीतरी निरपराध काळ्यांना ठार केले. मिलरला सभांची निमंत्रणे मिळू लागली, टर्नरला नोव्हेंबरमध्ये फाशी मिळाली.

मित्रांनो, ख्रिस्ताच्या पुनरागमनावरचा वाद म्हणजे पाद्र्यांचा पोथीतला किस काढण्याचा उद्योग, असे अनेकांना वाटते. तसे ते नाही. जगाचा निवाडा कधी होणार, दुष्टांचे काय होणार आणि तोपर्यंत माणसाने काय करायचे, या तीन प्रश्नांवर ख्रिस्ती लोक आपापसांत शतकानुशतके भांडले. त्यातला तिसरा प्रश्न हा सरळ सरळ गुलामाच्या पायातल्या बेडीचा प्रश्न होता.

पहिला प्रश्न घेऊ. बायबलच्या शेवटच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीनने ही हजार वर्षे म्हणजे चर्चचाच चालू काळ, असा अर्थ लावला आणि तो शतकानुशतके टिकला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत मात्र दोन तट पडले. चार्ल्स फिनीसारख्या धर्मोपदेशकांचे म्हणणे असे की माणसांनी दारू, गुलामगिरी, अज्ञान दूर करत समाज सुधारायचा, त्यातूनच ते सुवर्णयुग येईल आणि ख्रिस्त नंतर येईल. मिलरचे म्हणणे नेमके उलटे. जग सुधारणार नाही, ते बिघडतच जाणार. आधी ख्रिस्त येईल, दुष्टांना जाळील आणि मगच त्याचे राज्य सुरू होईल.

मिलरचा हिशेब असा. दानीएलच्या पुस्तकात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे म्हटले आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचे आणि इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजायचे, की उत्तर १८४३ येते. हा माणूस वेडा नव्हता. १८१२ च्या युद्धात तो कप्तान होता, तरुणपणी त्याचा चमत्कारांवर विश्वासही नव्हता. मागाहून श्रद्धा बसली, तेव्हा त्याने बायबल ओळीओळीने तपासले. हिशेब पक्का, पण गृहीतकच तपासलेले नाही! पोथीप्रामाण्याचे असेच असते. आकडेमोड कितीही काटेकोर करा, पोथीतला आकडा खरा की खोटा हे विचारायची सोय नसेल तर ती आकडेमोड म्हणजे विज्ञान नव्हे.

दुसरा प्रश्न दुष्टांच्या शिक्षेचा. इथे मिलरच्या छावणीतच फूट पडली. पौलाच्या नावावरच्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात, प्रभू येईल तेव्हा दुष्टांना सार्वकालिक नाशाची शिक्षा मिळेल असे आहे. आता नाश म्हणजे काय? रूढ चर्चचे उत्तर होते की आत्मा अमर आहे, म्हणून दुष्ट माणूस नरकात अनंतकाळ जळत राहील. बोस्टनच्या होझिया बॅलूसारखे युनिव्हर्सलिस्ट म्हणत की देव प्रेमळ असेल तर शेवटी सगळेच तरतील. मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉर्ज स्टॉर्सने तिसरे उत्तर दिले. नाश म्हणजे नाश. आत्मा मुळात अमर नाहीच, अमरत्व हे फक्त तारलेल्यांना मिळणारे दान आहे. दुष्ट कायमचे नाहीसे होतील, कायमचे छळले जाणार नाहीत. त्याची या विषयावरची सहा प्रवचने १८४२ मध्ये छापून निघाली आणि खूप वाचली गेली.

हा स्टॉर्स कोण होता, हे लक्षात घेतले पाहिजे. तो गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. १८३५ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये गुलामगिरीविरोधी सभेत गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्याला ओढून अटक करण्यात आली. मेथडिस्ट चर्चचे वरिष्ठ हा विषय काढू नका म्हणून दटावत होते. शेवटी त्याने ते चर्चच सोडले. ज्या माणसाला मालकाच्या हातातला कधीही न थांबणारा चाबूक अन्याय वाटत होता, त्याला देवाच्या हातातला तसाच चाबूक न्याय वाटला नाही. हा संबंध त्याने स्वतः जोडला असो वा नसो, आपण तो पाहिला पाहिजे. मिलरने मात्र स्टॉर्सचे मत जाहीरपणे नाकारले. अनंत नरक त्याला सोडवेना. चार्ल्स फिच हा मिलरचा मोठा प्रचारक. त्याने १८३७ मध्येच गुलाम बाळगणाऱ्यांविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. जानेवारी १८४४ मध्ये तो स्टॉर्सच्या बाजूला गेला.

आता तिसरा आणि खरा प्रश्न. १८४० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे २५ लाख माणसे गुलाम होती. मिलरच्या चळवळीचा प्रसारक जोशुआ हाइम्स हा गुलामगिरीविरोधी पुढारी विल्यम लॉइड गॅरिसनचा सहकारी. बोस्टनमधले त्याचे चार्डन स्ट्रीट चॅपल म्हणजे सुधारकांचा अड्डा. फिच, स्टॉर्स, हाइम्स हे तिघेही गुलामगिरीविरोधी चळवळीतून आलेले. ही माणसे तिकडे का गेली? कारण ती थकली होती. दहा वर्षे भाषणे, अर्ज, मार खाऊनही गुलामगिरी हलत नव्हती. १८४० मध्ये त्यांची संघटनाच फुटली. मिलर स्वतः गुलामगिरीच्या विरोधात होता. पण एका पत्रात त्याने लिहिले की या भांडणाऱ्या पक्षांकडून बिचाऱ्या गुलामाची सुटका होण्याची आशा नाही, ती देवच करील आणि दाद त्याच्याकडेच मागितली पाहिजे.

वाचकहो, इथे थांबून विचार करा. भावना खरी आहे, कळवळा खरा आहे. पण निष्कर्ष काय निघाला? बेडी देव तोडील, आपण तारीख मोजू! गॅरिसनने आपल्या 'लिबरेटर' पत्रात १८४३ मध्ये या सिद्धान्तावर टीका केली. चांगले कार्यकर्ते या नादाने चळवळीपासून दूर गेले, याची त्याला खंत होती.

१८४३ गेले. मार्च १८४४ ची मुदतही गेली. मग सॅम्युएल स्नो याने नवी तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४. चळवळीत किती लोक होते? ५० हजार ते १ लाख असा अंदाज केला जातो. काहींनी शेतातले बटाटेही काढले नाहीत. ते पांढरे झगे घालून टेकड्यांवर बसले ही गोष्ट मात्र विरोधकांनी पसरवलेली कंडी, तिला आधार नाही. विरोधकाबद्दल लिहितानासुद्धा खोटे लिहू नये. २२ तारीख आली, रात्र झाली, उजाडले. कोणी आले नाही. लोक ढसाढसा रडले. इतिहासात या दिवसाला 'मोठी निराशा' असेच नाव पडले.

त्यानंतरचा वाद अधिक बोलका आहे. काहींनी म्हटले, तारीख बरोबरच होती, त्या दिवशी कृपेचे दार बंद झाले, आता बाहेर राहिलेल्या कोणालाही तारण नाही. म्हणजे भविष्य चुकले ते आपले, आणि शिक्षा शेजाऱ्याला! मिलरही काही काळ या मताकडे झुकला, नंतर त्याने ते सोडले. १८४५ मध्ये ऑल्बनीच्या परिषदेत हाइम्स आणि मिलर यांच्या गटाने अशा मतांपासून फारकत घेतली. दुसऱ्या एका गटातून १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभे राहिले. नरकाच्या प्रश्नावर त्यांनी मिलरचे नव्हे, स्टॉर्सचे मत घेतले. पुढे यहोवाच्या साक्षीदारांचा आरंभ करणारा चार्ल्स रसेल याच्यावरही स्टॉर्सचा प्रभाव पडला. वाट पाहणारे सगळेच हातावर हात ठेवून बसले असेही नाही. पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत देण्याचा कायदा पाळू नका, असे ॲडव्हेंटिस्टांच्या एलन व्हाइट यांनी १८५९ मध्ये लिहिले. श्रद्धेतूनही बंड निघू शकते. पण ते कधी निघते? माणूस तारखेकडे पाहणे सोडून समोरच्या माणसाकडे पाहतो, तेव्हा.

हे सर्वांत स्पष्ट कोणाला दिसले? गुलामीत जन्मलेल्या एका काळ्या स्त्रीला. सोजर्नर ट्रूथचे मूळ नाव इझाबेला. न्यू यॉर्क राज्याने १८२७ मध्ये गुलामगिरी संपवली, त्या सुमारास ती मुक्त झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८४३ मध्ये नवे नाव घेऊन ती पायी निघाली आणि वाटेत मिलरवाद्यांच्या शिबिरांत पोहोचली. तिथे लोक भीतीने आणि उन्मादाने थरथरत होते. तिने आधी त्यांना शांत केले. मग त्यांच्या उपदेशकांना जे ऐकवले ते तिच्या १८५० च्या आत्मकथनात नोंदले आहे. तिच्या बोलण्याचा आशय असा: तुम्ही वर कुठल्याशा दिवाणखान्यात जाऊन बसणार, दुष्ट जळून गेले की खाली येऊन त्यांच्या राखेवर मिरवणार, आणि हेच तुमचे नवे यरुशलेम? राखेने भरलेल्या जगात मला तर काही चांगले दिसत नाही. आग आलीच तर मी कुठे जाणार नाही. इथेच उभी राहीन आणि आग सोसून दाखवीन.

बायबलपंडितांच्या वादात एवढा मोठा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तुमचा न्याय म्हणजे दुसऱ्याची राख का?

देवाने गुलामगिरी संपवली नाही. १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे ४० लाख झाली. पळून जाणारे गुलाम, त्यांना लपवणारे लोक, लेखण्या, मतपेट्या आणि शेवटी सहा लाखांहून अधिक बळी घेणारे युद्ध, या सगळ्यांतून १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली? आकाशातून येणाऱ्या न्यायाधीशाला नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना.

आणि बाबासाहेबांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना नेमके याच जागी बोट ठेवले. अस्पृश्याला सांगितले जाते की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली. ती भोवतालच्या अन्यायी समाजरचनेमुळे झाली आणि त्या रचनेवर हल्ला करायला हवा, हे सांगितले जात नाही. दोष स्वतःच्या पापात शोधायचा आणि उपाय देवाच्या येण्यात, म्हणजे व्यवस्था मधल्या मध्ये निर्धास्त! बुद्धाला त्यांनी मोक्षदाता नव्हे तर मार्गदाता म्हटले, त्याचे कारण हेच.

ख्रिस्ताची वाट पाहणाऱ्यांची टवाळी करण्यासाठी हा लेख नाही. आपल्याकडेही कलियुग संपेल, अवतार येईल, कुणीतरी नेता येईल आणि एका रात्रीत सगळे पालटेल, अशी वाट पाहणारे कमी नाहीत. त्यांत आपलेही लोक आहेत, हे कबूल करू या. न्यायाचा दिवस पंचांगात नसतो. १८३१ मध्ये सुरू झालेली मोजणी १८४४ मध्ये रडत संपली. १८६५ चा दिवस कोणी मोजला नव्हता, तो माणसांनी आणला.

जय भीम.