गुत्ता आणि गुत्तेदार

मोठ्या शहरांत हल्ली तळघरातला बार शोधत जाण्याची हौस आली आहे. पाटी नाही, दारावर एखादा मिणमिणता दिवा, चार पायऱ्या उतरायच्या आणि आपण काही चोरटे करतो आहोत अशी गुदगुली करून घ्यायची. यामागची समजूत अशी की लपलेला बार हे दारूबंदीचे अपत्य. अमेरिकेत १९२० ते १९३३ बंदी होती, म्हणून तिथे ‘स्पीकईझी’ निघाले. छत्रपती संभाजीनगरातून पाहिले तर ही समजूत अर्धीच टिकते. इथे रस्त्याचे किंवा इमारतीचे काम घेणाऱ्याला आजही गुत्तेदार म्हणतात आणि दारूच्या अड्ड्याला मराठीत गुत्ता. तेलुगू-कानडीच्या गोतावळ्यातल्या या शब्दाचा अर्थ मक्ता, ठेका. म्हणजे अड्ड्याचे नाव दारूवरून पडले नाही, पापावरूनही नाही. ते महसुलाच्या दप्तरातून आले. माझे म्हणणे एवढेच की गरिबाची दारू लपली ती सरकारने दारू बंद केली म्हणून नव्हे, तर सरकारने दारूचा हक्क विकायला काढला म्हणून.

इथे, निजामाच्या राज्यात, आबकारीची हर्रासी होई. चढी बोली लावणाऱ्याला ठरावीक मुलखात शिंदी किंवा दारू विकण्याचा हक्क मिळे. बोलीचे पैसे वसूल व्हायचे तर ओढ्याकाठी कोणी परस्पर गाळता कामा नये, हे ओघानेच आले. आता मोहाचे फूल पाहा. मार्च-एप्रिलमध्ये ते पहाटे आपसूक गळते. फिकट, मांसल, वाळले की मनुकेसारखे सुरकुतते. ते भिजवून आंबवायचे, मडक्याखाली जाळ धरायचा, वरचे पाणी गार ठेवायचे, की नळीतून पहिली धार उतरते. याला कारखाना लागत नाही की भांडवल, आणि नेमके हेच तिजोरीला खुपते. शेजारच्या इंग्रजी मुलखाने तर १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी मोहफुलांचा वेगळा कायदाच केला आणि झाडाखाली पडणारे फूल वेचणे, बाळगणे, विकणे परवान्याच्या कचाट्यात आणले. सरकारमान्य दुकानात बसून प्यायला मात्र हरकत नव्हती. ‘स्पीकईझी’ हा शब्दही अमेरिकेतल्या बंदीहून तीसेक वर्षांनी जुना. १८८७ च्या कायद्याने पेन्सिल्व्हेनियात दारूच्या परवान्याची फी भरमसाट वाढवली, आणि त्यानंतर लगेचच विनापरवाना दुकानांचे हे नाव तिथल्या वर्तमानपत्रांतून दिसू लागले.

कोणी म्हणेल, औरंगजेबाच्या बंदीचे काय? ज्याच्या नावाने हे शहर साडेतीन शतके ओळखले गेले, त्याने महसुलासाठी नव्हे, धर्मासाठी मद्य बंद केले होते. हरकत रास्त आहे. पण ती बंदी कोणाला कशी लागली हेही पाहावे लागेल. इटालियन प्रवासी मनुची लिहितो की बादशहाच्या मते साऱ्या हिंदुस्थानात न पिणारे दोघेच, तो स्वतः आणि मुख्य काझी अब्दुल वहाब. आणि पुढे मिस्कीलपणे सांगतो की काझींना रोजची बाटली गुपचूप आपणच पाठवत होतो. मनुचीच्या गोष्टी मीठमसाला लावलेल्या असतात, ही सोडून द्यावी असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण बंदीच्या काळात वजनदार माणसाला तळघर लागत नाही, घराचा दिवाणखाना पुरतो, हे मुंबईतही दिसले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ज्याला डॉक्टरच्या शिफारशीवर परवाना मिळाला तो घरात बसून प्याला. बाकीच्यांसाठी ‘आंटी’चे चोरटे अड्डे होते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये तो कायदा इथवर पोचला.

आणि इथे तळघर खोदून लपायचे तरी कुठे? हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. शहराखाली खोदकाम झाले ते मुख्यतः पाण्यासाठी. मलिक अंबरच्या नहरी जमिनीखालून धावल्या, आणि पाणचक्कीत हौदाच्या खालीच खांबांवर तोललेले गारेगार दालन आहे. चोरटी भट्टी तळघरात कधी गेली नाही; ती नाल्यात गेली, ज्वारीच्या रानात गेली.

दुसरी हरकत जास्त जड आहे. हातभट्टी विषारी असते, म्हणून ती रोखणे हे तिजोरीचे नव्हे, जिवाचे काम. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसे मेली, याला उत्तर म्हणून मोहाच्या आठवणी काढणे निर्लज्जपणाचे होईल. मात्र तो मोह नव्हता, मिथेनॉल होते. धंदा आडोशाला गेला की आंबवण्या-गाळण्याला वेळ आणि जागा उरत नाही, मग तयार रसायन आणून पाण्यात मिसळणे सोपे पडते. शिवाय कायदेशीर बाटली करामुळे जितकी महाग, तितके पिशवीतल्या दारूचे गिऱ्हाईक पक्के.

१९४९ चा तो कायदा आजही चालू आहे. म्हणून बाहेर पाटी ‘परमिट रूम’ची असते, आणि कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याजवळ परवाना हवा, एका दिवसाचा विदेशी मद्यासाठी ५ रुपयांना, देशीसाठी २ रुपयांना. पायऱ्या उतरून जाण्याच्या त्या नव्या बारमध्येही तो विचारला जाऊ शकतो. बिलावरचा व्हॅट मात्र न विचारता लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तो ५ टक्क्यांचा १० टक्के झाला.