वाकलेली पाठ, दुखणारी कंबर आणि सायकल

चाळिशी ओलांडल्यावर आम्ही शर्यतीची सायकल घेतली. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, म्हणजे आज जिला रोड बाईक म्हणतात तसली. पहिल्या महिन्यात पंचवीस-तीस किलोमीटर झाले की कंबर धरू लागे. परिचितांनी एकमुखाने निदान केले, "एवढे वाकून बसल्यावर पाठ दुखणार नाही तर काय होणार? ताठ बसायची साधी सायकल घ्या!"

हा सल्ला इतका सरळ वाटतो, की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते. पण सायकलचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले, की हाच सल्ला १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतले डॉक्टर देत होते. पाठ वाकलेली दिसते आणि पाठ दुखते. म्हणून वाकल्यामुळेच ती दुखते, हे अनुमान तेव्हा पुराव्याशिवाय मान्य झाले होते. ते तपासण्याची साधने हाती यायला पुढे अर्धे शतक लागले. ही हकिकत शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे, म्हणून येथे देत आहोत.

ताठ पाठ कोणी ठरवली?

१८१७ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने आपले दोनचाकी लाकडी वाहन चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते. स्वार बैठकीवर बसून जमिनीला पायांनी रेटा देत पुढे जाई. समोर हातांचे कोपरापासूनचे भाग टेकवण्यासाठी एक गादी लावलेली फळी होती. म्हणजे धडाचा काही भार हातांवर देण्याची सोय सायकलच्या या पूर्वजातच होती. ही फळी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसवलेली वाहने आली. लोखंडी धावांची ही चाके दगडी रस्त्यांवर इतके हादरे देत, की इंग्लंडमध्ये त्यांना 'बोनशेकर', म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असे नाव पडले. त्यानंतर १८७० च्या दशकात उंच चाकाची सायकल आली. पायडल चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. वेग वाढवायचा तर चाक मोठे करणे हा एकच मार्ग होता आणि त्याला मर्यादा होती ती स्वाराच्या पायांच्या लांबीची. या सायकलवर स्वार जवळजवळ पायडलांच्या डोक्यावर बसे आणि हँडल त्याच्या मांडीशी असे. पुढे झुकावे तर डोक्यावर आपटण्याची भीती. तेव्हाचा स्वार ताठ बसे, तो यंत्राच्या रचनेमुळे. आरोग्याचा विचार त्यात नव्हता.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल आली. तिच्यात साखळीने मागचे चाक फिरत होते. साखळीमुळे दातेरी चक्रे लहानमोठी करून वेग साधता येऊ लागला आणि उंच चाकाची गरज संपली. पण पाठीच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सीट, हँडल आणि पायडल या तीन जागा आता एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागल्या. स्वाराचे शरीर या तीनच ठिकाणी सायकलला टेकते. त्यांच्यातील अंतरे बदलली की पाठीचा बाकही बदलतो.

१८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हादरे कमी झाले, वेग वाढला आणि नवा अडथळा जाणवू लागला, तो हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर हवेशी झगडण्यासाठी आठपट शक्ती लागते. शिवाय हवा अडवण्याचे काम सायकलपेक्षा स्वाराचे शरीरच अधिक करते. साहजिकच शर्यतीतल्या स्वारांनी हँडल खाली नेले आणि पाठ वाकवली.

सायकलस्वाराचे कुबड

१८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले. रस्त्यावरून मान खाली घालून सुसाट जाणारे तरुण लोकांना खटकू लागले. वैद्यकीय नियतकालिकांत 'कायफोसिस बायसिक्लिस्टारम', म्हणजे सायकलस्वारांचे कुबड, असे भारदस्त लॅटिन नाव अवतरले. वाकून बसल्याने पाठ कायमची वाकेल, छाती दबेल, वाढत्या वयाच्या मुलांचा कणा बिघडेल, असे इशारे दिले गेले. स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी कितीतरी भयांची त्यात भर पडली. सगळेच डॉक्टर या मताचे होते असे नाही. काहीजण स्वतः सायकल चालवीत आणि रुग्णांनाही तिची शिफारस करीत. पण भीतीचा आवाज मोठा होता.

शर्यतीतले स्वार अशा इशाऱ्यांनी थांबले नाहीत. ज्यांना घराबाहेर पडण्यासाठी आधीच परवानगी लागत होती, त्या स्त्रियांना आणि मुलामुलींना अडवायला मात्र शास्त्राच्या नावाने एक कारण मिळाले.

या निष्कर्षात चूक कोठे होती? निरीक्षण खोटे नव्हते. सायकलवर पाठ खरोखरच वाकलेली होती. परंतु सायकलवरून उतरल्यावर ती सरळ होते की नाही, हे पाहायला हवे होते. सायकल चालवणारे आणि न चालवणारे अशा दोन गटांची तुलना करायला हवी होती. लॅटिन नाव मिळाल्याने निरीक्षणाला रोगाचा दर्जा मिळाला, पुरावा मात्र मिळाला नाही. पुढे तो 'रोग' विस्मृतीत गेला.

बसण्याची पद्धत केवळ शरीराच्या गरजेने ठरत नाही, याचे आणखी एक उदाहरण पाहू. फ्रान्समधील शार्ल मोशे याने मागे रेलून, पाठ टेकून चालवायची सायकल तयार केली. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या स्वाराने तिच्यावर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. आधीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून अबाधित होता. पण १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली, की हे वाहन तिच्यात बसेना. शर्यतीची सायकल म्हणजे पुढे वाकून चालवायची सायकल, हे समीकरण टिकण्यात त्या नियमाचाही वाटा आहे.

मोजमाप सुरू होते

त्याच १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले, की दोन मणक्यांमधली चकती फाटून बाहेर आली तर मज्जातंतू दाबला जाऊन पायात कळा येऊ शकतात. हा शोध मोलाचा होता. मात्र त्यानंतर पाठीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर चकतीवर फोडण्याची सवयही लागली.

१९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर दाब अधिक आणि बसून पुढे वाकल्यावर त्याहूनही अधिक, असे त्यांना आढळले. वाकण्यावरचा आरोप जणू सिद्ध झाला! पण १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून पुन्हा नोंदी घेतल्या. आरामात उभे असताना ०.५ मेगापास्कल, आधाराशिवाय बसल्यावर ०.४६, मागे सैल रेलून बसल्यावर ०.३ आणि बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. म्हणजे वाकल्यावर दाब वाढतो हे खरे ठरले, पण बसणे उभे राहण्यापेक्षा वाईट, हे या नोंदींत दिसले नाही. अर्थात या नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हेही विसरता कामा नये.

शिवाय हे आकडे जसेच्या तसे सायकलला लावता येत नाहीत. सायकलस्वाराचे हात हँडलवर टेकलेले असतात आणि धडाचा काही भार हातांतून खाली जातो. ड्राइसची गादीची फळी हेच काम करीत होती.

आणखी दोन प्रयोगांची माहिती घेऊ. १९५५ मध्ये इंग्लंडमधील फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी पाठीच्या स्नायूंतील विद्युत्-संदेश नोंदले. माणूस उभ्याने पूर्ण वाकला की हे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार मुख्यतः कण्यामागच्या चिवट बंधांवर येतो, असे त्यांना आढळले. १९९२ मध्ये कॅनडातील मॅकगिल आणि ब्राउन यांनी काही जणांना वीस मिनिटे पूर्ण वाकून बसवले. त्या काळात कण्याचे बंध हळूहळू सैलावले आणि नंतर अर्धा तास विश्रांती घेऊनही त्यांचा मूळचा ताठपणा पूर्णपणे परतला नव्हता.

आता मूळ प्रश्नच बदलतो. पाठ किती वाकली, यापेक्षा ती कोठे वाकली आणि हालचाल न करता किती वेळ तशीच राहिली, हे विचारावे लागते. उभे राहून एक हात कमरेच्या मागे ठेवावा आणि पुढे झुकावे. मांडीच्या सांध्यातून झुकलो तर हाताखालची पाठ जवळपास सपाट राहते. कमरेतून वाकलो तर तीच पाठ कासवाच्या पाठीसारखी फुगते. लांबून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही माणसे सारखीच वाकलेली दिसतात.

सायकलवरचे पुरावे

सायकलस्वारांची पाठ दुखते, यात शंका नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०९ व्यावसायिक स्वारांना प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी ५८ टक्के स्वारांची कंबर मागच्या वर्षभरात दुखली होती. २०१२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेले आणि नसलेले अशा दोन लहान गटांना रस्त्यावर दोन तास सायकल चालवायला लावून त्यांच्या कमरेचा बाक मोजला. दुखणे असलेले स्वार कमरेच्या खालच्या भागात अधिक वाकलेले आढळले. आता तुलना झाली, पण त्यामुळे दुखते म्हणून वाकतात की वाकतात म्हणून दुखते, हे ठरत नाही.

१९९९ मध्ये इस्राएलच्या अस्थिशल्यतज्ज्ञांनी सीटचे पुढचे टोक १० ते १५ अंश खाली झुकवून पाहिले. त्यामुळे कमरेचे रुंद हाड, म्हणजे कटिअस्थी, पुढे कलते आणि कमरेवरचा ताण कमी होतो, असा त्यांचा तर्क होता. सहा महिन्यांनी सत्तर टक्क्यांहून अधिक स्वारांनी मोठा फरक पडल्याचे सांगितले. ही स्वारांनी स्वतः सांगितलेली सुधारणा आहे, हे ध्यानात ठेवून तिचे मूल्य करावे.

सीटच्या उंचीचाही संबंध आहे. सीट फार उंच असेल तर पायडल गाठण्यासाठी स्वार दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलतो आणि तो ताण कंबर सोसते. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के हे सीट ते सर्वांत खालचे पायडल यांतील योग्य अंतर म्हणून सुचवले. ते कमी श्रमात काम होण्याच्या दृष्टीने होते, पण सुरुवातीचे माप म्हणून आजही उपयोगी पडते. पायडल खाली असताना गुडघा सुमारे २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा, ही दुसरी कसोटी.

आम्ही आमची सीट दीड सेंटिमीटर खाली घेतली, तिचे टोक किंचित झुकवले, हँडल थोडे जवळ आणि वर घेतले. दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदलायची, अधूनमधून पायडलांवर उभे राहायचे आणि आठवड्याचे अंतर हळूहळू वाढवायचे, असे ठरवले. दोन महिन्यांत दुखणे थांबले. पाठ अजूनही वाकलेलीच असते! मात्र यांपैकी कशाने गुण आला, हे आम्हाला सांगता येणार नाही, कारण आम्ही सगळे एकदम बदलले. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असे केले असते तर आम्हीच त्याला रागावलो असतो.

एक सूचना द्यायलाच हवी. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा दुबळेपणा येत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर सीट हलवत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

वर्गात करून पाहण्याजोगे

आपल्या शाळेतल्या अनेक मुलामुलींची सायकल थोरल्या भावंडाची किंवा वडिलांची असते. दांड्याखालून एक पाय घालून सायकल शिकलेले शिक्षकही पुष्कळ असतील. एका तासाला मुलांना मोजपट्टी द्यावी. भिंतीला टेकून अनवाणी उभे राहून पायाची आतली लांबी मोजावी, तिला १.०९ ने गुणावे आणि आपल्या सायकलवरील अंतराशी ताडून पाहावे. किती मुलांची सीट उंच आहे, किती जणांची खाली आहे, याचा तक्ता करावा. मग कंबर दुखते का, हे सर्वांनाच विचारावे. ज्यांची सीट योग्य आहे त्यांनाही. १८९० च्या दशकात राहून गेलेली तुलना ती हीच. आणि तास संपण्यापूर्वी एक पाना आणून, ज्यांच्या सीट चुकीच्या उंचीवर आहेत त्या तेथल्या तेथे नीट करून द्याव्यात.