मन भरून आलं की हातांना काम: एका जुन्या उपचाराची गोष्ट

रात्रीचे दोन वाजलेत. छातीत धडधडतंय, डोक्यात विचारांची गर्दी झालीय, म्हणून तुम्ही मोबाइल हातात घेता. तासाभराने धडधड तशीच असते, झोप मात्र गेलेली असते. हे वर्णन मी ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. ईसीजी ठीक, थायरॉईड ठीक. मग मी विचारतो, "अशा वेळी हातांना काय काम देता?" समोरचा माणूस संशयाने बघतो. गोळी द्यायची नाही म्हणून डॉक्टरांनी काहीतरी नवीन काढलं, असं त्याला वाटतं.

नवीन मुळीच नाही. १७९६ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' सुरू केलं. त्या काळी अशा रुग्णांना साखळदंडात ठेवत. ट्यूक क्वेकर पंथाचा होता. त्याच्याकडे रुग्णांना माणसासारखं वागवत आणि शिवणकाम, बागकाम अशी कामं देत. पहिल्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांसाठी हीच कल्पना पुन्हा वर आली आणि तिचं शास्त्र झालं: ऑक्युपेशनल थेरपी.

आपल्याकडे ती आणली एका क्वेकर घरातल्याच बाईंनी. एलिझाबेथ लंडी अमेरिकेत जन्मल्या, विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी या विषयाचं शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. १९५८ साली नागपूरलाही अशी शाळा सुरू झाली. मुंबईत डॉक्टरी शिकलेल्यांनाही हे नाव सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या जिल्ह्यातलं. सावंतवाडीची गंजिफा तुम्ही राजवाड्यात पाहिली असेल. दशावतारी गंजिफेत १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पानं. चिंचोक्याची खळ, वर रंग, मग लाख. प्रत्येक पान हाताने रंगवायचं. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या चितारी कारागिरांना धरून ती पुन्हा उभी केली. हे काही उपचार म्हणून झालं नव्हतं, कला आणि पोट दोन्ही टिकावं म्हणून झालं. पण तिथे काम करणाऱ्याकडे एकदा नीट बघा. ब्रशच्या टोकावर नजर असताना श्वास आपोआप संथ होतो.

मन भरून येतं तेव्हा शरीर धोक्याच्या तयारीत असतं: नाडी जलद, श्वास उथळ. एकसारखी, लयीत होणारी हालचाल आणि डोळ्यांसमोरचं छोटं काम यांनी लक्ष एका जागी बांधलं जातं आणि शरीर हळूहळू ती तयारी सोडतं. मोबाइलवरही बोट हलतंच की! पण तिथे शेवट नसतो आणि दर सरकण्यासोबत नवी बातमी, नवा धक्का. जाळ्याची गाठ पडली की पडली.

२०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद-चिकटकाम दिलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. कला येते की नाही, याने फरक पडला नाही. अर्थात अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्याला पुरावा नाही, इशारा म्हणेन.

मग तुम्ही काय निवडाल? दोन्ही हात गुंततील, नजर लागेल आणि उठून लगेच सुरू करता येईल असं काहीही. अबोलीचा वळेसर करा, झावळीचे हीर काढा, चुडत विणा, मुलांबरोबर मातीचा गणपती करा. एका ताईंनी मला सुनावलं होतं, "डॉक्टर, दिवसभर माझे हातच चालतात!" बरोबर आहे त्यांचं. लादलेल्या कामाने हे होत नाही. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला अर्धा तास कुणी हाक न मारणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि तो घरच्यांनी द्यायचा आहे.

छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर मात्र विणत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. दोन आठवडे झोप-भूक गेली असेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका, घरच्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, रात्रीही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आमच्याकडे जाळी दुरुस्तीला निघतात. फाटकं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरतात आणि गप्पा सुरू ठेवत एकेक घर सांधतात. तिथे बसायला कुणी मनाई करत नाही. एक-दोन गाठी शिकवतातसुद्धा, थोडं हसून.