बुखारा : हौदाच्या काठाने

मध्य आशियातील शहरांची प्रवासवर्णने बहुधा मान वर करून लिहिलेली असतात. निळे घुमट आणि उंच मनोरे यांतच ती रमतात. बुखारा मात्र खाली, पाण्याकडे पाहत चालावे. जुन्या शहरातील पायी फेरी ज्या चौकातून सुरू होते त्याचे नाव लब्-इ-हौज, म्हणजे हौदाचा काठ. मराठीतला ‘हौद’ हा याच अरबी-फारसी ‘हौज’चा वंशज असल्याने आपल्याला हे नाव परके वाटत नाही.

१६२०च्या सुमारास नादिर दिवाण-बेगी या वजिराने हा हौद बांधवला. उत्तरेला त्याआधीचा, १५६८-६९चा कुकलदाश मदरसा. पूर्वेला आणि पश्चिमेला वजिराच्याच नावाचे मदरसा व खानका. जागा विकायला तयार नसलेल्या एका विधवेची दंतकथाही या हौदाला चिकटलेली आहे. पण खरी गोष्ट पाण्याची आहे. जरफशान नदीचे पाणी शाहरूद कालव्याने शहरात येई, त्यातून गल्लोगल्लीचे हौद भरत. भिस्ती दगडी पायऱ्या उतरून पखाली भरत आणि ते पाणी घरोघर पोहोचे. पिण्याला, वजूला, सावलीत गप्पा मारत बसायला सर्वांना तोच काठ.

येथून पुढे काही अंतर शब्दच आपल्याला वाट दाखवतात. तोकी सर्राफोन या घुमटी बाजारात सराफ बसत. थोडे पुढे, आजच्या रस्त्याच्या पातळीहून बरीच खाली गेलेली मागोकी-अत्तारी मशीद. तिच्या नावात अत्तार आहेत. मग तोकी जर्गरोन, सोनारांचा बाजार. त्यापलीकडे पोई-कलोन, ‘थोराच्या पायाशी’. तेथील सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा ११२७ साली अर्सलान खानाने उभारला. १२२०मध्ये चंगीझखानाने शहर उद्ध्वस्त केले, तरी तो टिकून राहिला.

बुखाऱ्याच्या एका शब्दाशी मात्र आपल्या भाषेने वेगळेच नाते जोडले आहे. ‘रिश्ता’ म्हणजे धागा, आणि बुखाऱ्यात हे एका रोगाचेही नाव होते. आपण त्याला नारू म्हणतो. १५५८ साली येथे पोहोचलेल्या अँथनी जेंकिन्सन या इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की या शहराचे पाणी पिणाऱ्याच्या पायात हातभर लांबीचा किडा वाढतो. निष्णात वैद्य तो घोट्यापाशी धरून रोज इंचभर बाहेर काढत गुंडाळत जातात. मध्येच तुटला तर रोगी दगावतो. पाण्यावरचा त्याचा संशय खरा होता. पुढे १८७०च्या सुमारास तुर्कस्तानात संशोधन करणाऱ्या अलेक्सेई फेदचेन्को यांनी दाखवले, की किड्याच्या अळ्या पाण्यातल्या सूक्ष्म सायक्लॉप्समध्ये शिरतात आणि तेथून पिणाऱ्याच्या पोटात जातात. रोगी पाय घेऊन पायरी उतरणारा माणूस नकळत साऱ्या मोहल्ल्याचे पाणी दूषित करी. ज्या पायऱ्यांनी लोकांना एकत्र आणले, त्यांनीच रोगही वाटला.

१९२०च्या सप्टेंबरात फ्रुंझेच्या लाल सैन्याने बुखाऱ्यावर तोफा डागल्या, विमानांतून बाँब टाकले. अमीर आलिम खान पळाला. त्याच नव्या सत्तेच्या काळात लिओनिद इसायेव यांनी नारूविरुद्ध मोहीम चालवली. रोगी शोधले गेले, हौद उपसले गेले, बहुतेक कायमचे बुजले. १९३०च्या दशकाच्या आरंभी शहर नारूमुक्त झाले. पुढे पाणथळी आटल्या तसे मनोऱ्यांवर घरटी करणारे करकोचेही शतकाच्या उत्तरार्धात दिसेनासे झाले.

फेरीचा शेवट अमीरांच्या ‘अर्क’ किल्ल्यासमोर करावा. तेथे १७१२ची बोलो-हौज मशीद आहे. तिच्या ओसरीचे लाकडी खांब समोरच्या हौदात उलटे दिसतात. जवळच व्लादिमीर शुखोव यांच्या आराखड्यानुसार १९२७ ते १९२९ या काळात उभारलेला लोखंडी जलमनोरा आहे. डोळ्यांना तो खटकतो आणि छायाचित्रे काढणारे त्याला चौकटीबाहेर ठेवू पाहतात. पण हौदाचे चित्र आज इतके निरागस दिसू शकते, याचे श्रेय काही अंशी नळाच्या पाण्याचेही आहे.

हरवलेल्या शहरांबद्दल लिहिताना आपले साहित्य फार लवकर हळवे होते. करकोच्यांचा शोक सोपा, कारण करकोचे देखणे. धागा काडीवर गुंडाळून महिनोन्‌महिने अंथरुणावर पडलेल्या पखालवाल्याची आठवण कोणी काढत नाही. उलट, त्याची आठवण काढून तोफांचे समर्थन करणेही तितकेच खोटे. आपल्याकडच्या पायऱ्यांच्या विहिरींबद्दल, बारवांबद्दल लिहितानाही हे ध्यानात असावे. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता आणि भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळायला २००० साल उजाडावे लागले. बारवेच्या शिल्पाचे वर्णन करणाऱ्याने एकदा तरी तिच्या शेवटच्या, पाण्यात बुडालेल्या पायरीवर उभे राहून पाहावे.